दशमांश : किती द्यावा आणि कशातून द्यावा

ख्रिस्ती मनुष्याने आपल्या उत्पन्नापैकी किती भाग देवकार्यास द्यावा, हा प्रश्न शास्त्राच्या तासाला विद्यार्थी आम्हांस वरचेवर विचारितात. त्यांचे पालक तो प्रश्न विचारीत नाहीत. परंतु त्याचे ओझे मात्र तेच वाहतात. सुगी संपते, मंडळीत कापणीचा सण येतो, पाळकसाहेब मलाखी संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायावर उपदेश करितात, आणि घरी परतताना नवराबायको मनातल्या मनात हिशेब करू लागतात. एकीकडे बियाण्याच्या दुकानाची उधारी, मुलांच्या वह्यापुस्तकांचा व फीचा खर्च, म्हाताऱ्या आईचे औषध. दुसरीकडे देवाचा भाग आपण बुडविला असे तर होणार नाही ना, ही भीती. ज्या प्रश्नाने भाविक माणसाची झोप उडते, तो प्रश्न "दहावा भाग द्या, म्हणजे झाले" एवढ्या उत्तराने सुटत नाही. म्हणून या लेखात आम्ही तीन गोष्टींचा क्रमाने विचार करणार आहोत : शास्त्रात दशमांश कोणत्या रूपाने आला, मंडळीच्या इतिहासात त्याचे काय झाले, आणि आपल्या हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी, मजूर व नोकरदार कुटुंबांनी तो हिशेबात कसा धरावा.

प्रथम शब्द पाहू. दशम असा जो अंश तो दशमांश, हा कर्मधारय समास होय. दहा पायल्या जोंधळ्यांतून एक पायली, शंभर रुपयांतून दहा रुपये, इतका त्याचा साधा अर्थ आहे. अर्थ साधा असला, तरी त्याचा इतिहास मात्र साधा नाही.

१. जुन्या करारातील दशमांश

शास्त्रात दशमांशाचा पहिला उल्लेख उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात आहे. अब्राम लढाईहून परत येत असता शालेमचा राजा व याजक मलकीसदेक याने त्यास आशीर्वाद दिला, आणि अब्रामाने त्यास सर्वांचा दहावा भाग दिला. येथे कोणतीही आज्ञा नव्हती. एका प्रसंगी कृतज्ञतेने दिलेले ते दान होते.

दुसरा उल्लेख याकोबाचा. घरातून पळून जात असलेला, उशाशी धोंडा घेऊन निजलेला तो तरुण बेथेल येथे देवास नवस करितो की, तू मला सांभाळशील तर जे काही तू मला देशील त्याचा दहावा भाग मी तुला देईन. बेथेल हे नाव आपल्या मराठवाड्यास परके नाही. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनचे रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांची जी वसाहत उभारिली, तिचे नाव त्यांनी बेथेल असेच ठेविले. तिच्यासाठी जमीन निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या कारकिर्दीत मिळाली. गाव वसविताना ज्या स्थळाचे नाव घेतले गेले, ते दशमांशाच्या नवसाचे स्थळ आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. मात्र याकोबाचा नवस सशर्त होता. "तू देशील तर मी देईन" अशी त्याची भाषा होती. ती भाषा पुढे कोणी चालवावी की नाही, याचा विचार आम्ही शेवटी करू.

मोशेच्या नियमशास्त्रात दशमांश ही व्यवस्था झाली. भूमीचे धान्य, झाडांची फळे आणि काठीखालून जाणाऱ्या गुराढोरांतील दहावे जनावर, हे परमेश्वराचे ठरले. गणनेच्या अठराव्या अध्यायावरून असे दिसते की, हा दशमांश लेवी वंशाच्या निर्वाहासाठी होता. कारण त्यांस वतनजमीन दिलेली नव्हती. आणि लेव्यांनीही, आपणांस मिळालेल्या दशमांशाचा दहावा भाग याजकांकरिता काढून द्यावा, अशी आज्ञा होती. घेणारासही देणे चुकले नाही, ही गोष्ट आमच्या मते फार महत्त्वाची आहे.

अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात आणखी एक नियम आहे, ज्यावर उपदेश क्वचितच ऐकू येतो. त्यात शेतकऱ्याने दशमांश घेऊन पवित्र स्थळी जावे, आणि तेथे आपल्या कुटुंबासह तो आनंदाने खावा, असे सांगितले आहे. लेव्यासही विसरू नये. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो दशमांश आपल्या गावच्या वेशीतच साठवावा, आणि लेवी, परदेशी, अनाथ व विधवा यांनी तो पोटभर खावा. म्हणजे दशमांशाचा एक मोठा हेतू गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचण्याचा होता. आणि त्याच्या लगेच पुढचा अध्याय कोणता? सातव्या वर्षी ऋणकोचे ऋण सोडून द्यावे, हा! दशमांशाचा नियम व कर्जमुक्तीचा नियम ही एकाच शास्त्रात शेजारी शेजारी बसलेली आहेत. जो उपदेशक कर्जात बुडालेल्या माणसाकडून चौदाव्या अध्यायाप्रमाणे मागतो, त्याने पंधरावा अध्यायही वाचून दाखविला पाहिजे.

गरिबाचा विचार नियमशास्त्राने अन्यत्रही केला आहे. ज्यास कोकरू परवडत नाही त्याने दोन होले अथवा पारव्याची दोन पिले आणावीत, आणि तेही न जमल्यास थोडे पीठ आणावे, अशी सवलत लेवीयाच्या पाचव्या अध्यायात आहे. बाळ येशूस मंदिरात नेले, तेव्हा योसेफ व मरीया यांनी पक्ष्यांचेच अर्पण केले, असे लूक सांगतो. ते गरिबाचे अर्पण होते, आणि ते देवाने कमी मानिले नाही.

२. प्रभू येशूची व प्रेषितांची शिकवण

प्रभू येशूने दशमांशाचा उल्लेख केला आहे. परंतु तो करिताना त्याने स्तुती केली नाही, तर इशारा दिला. पुदिना, शेप व जिरे यांचाही दशमांश मोजून देणारे, परंतु न्याय, दया व विश्वास सोडून देणारे शास्त्री व परूशी यांस त्याने दोष दिला. दशमांश देऊ नका, असेही तो म्हणाला नाही. हे करा, पण ते विसरू नका, असा त्याचा रोख आहे. लूकाच्या अठराव्या अध्यायातील परूशी आपण सर्व प्राप्तीचा दशमांश देतो, असे प्रार्थनेत सांगतो. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो दूर उभा राहिलेला जकातदार.

विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट आपण सर्व जाणतो. तिने दहावा भाग दिला नाही. होते नव्हते ते सर्व दिले. मात्र त्या गोष्टीच्या लगेच आधी, विधवांची घरे गिळून टाकणाऱ्या शास्त्र्यांविषयी प्रभूने जे म्हटले आहे, तेही वाचावे. विधवेची भक्ती थोर होती. पण तिच्या भक्तीवर पोसणारी व्यवस्था थोर नव्हती. तसेच मार्काच्या सातव्या अध्यायात "कुर्बान" म्हणून एक रूढी सांगितली आहे. एखाद्याने आपले द्रव्य देवास वाहिले असे म्हणून आईबापांस मदत करण्याचे टाळले, तर त्या दानाने देवाच्या आज्ञेचा भंग होतो, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. देवाच्या नावाने दिलेले दानही पाप होऊ शकते, हे यावरून शिकावे.

प्रेषित पौलाच्या पत्रांत ख्रिस्ती मंडळीस दशमांशाची आज्ञा कोठेही दिलेली नाही. यरुशलेमेतील गरिबांकरिता त्याने वर्गणी जमविली, तेव्हा त्याने करिंथकरांस तीन गोष्टी सांगितल्या. पहिली : आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूस काढून ठेवावे. दुसरी : मनुष्याजवळ जे आहे त्याप्रमाणे त्याचे दान मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नव्हे, इतरांचा भार हलका करून तुमच्यावर भार घालावा, असा हेतू नाही. तिसरी : मनात ठरविल्याप्रमाणे द्यावे, कष्टाने किंवा सक्तीने नव्हे. नियमितपणा, प्रमाण आणि स्वेच्छा ही नव्या कराराची त्रिसूत्री आहे. जक्कयाने अर्धी मालमत्ता दिली, विधवेने सर्व दिली, आणि पेत्राने हनन्यास सांगितले की शेत विकण्यापूर्वी तुझेच होते व विकल्यावर त्याचे पैसेही तुझ्याच हाती होते. त्याचा दोष थोडे देण्याचा नव्हता, खोटे बोलण्याचा होता.

आमच्या काही पंथबंधूंचे मत असे आहे की, दशमांश हा नियमशास्त्राच्याही आधी अब्रामापासून चालत आलेला आहे, म्हणून तो ख्रिस्ती मनुष्यावरही बंधनकारक आहे. हे मत प्रामाणिक आहे, आणि ते पाळणाऱ्यांत अनेक अत्यंत उदार माणसे आहेत. तथापि अब्रामाच्या काळी सुंताही होती, होमबलीही होता. केवळ प्राचीनतेवरून बंधन सिद्ध होत नाही. दशमांश हे शहाणपणाचे व पवित्र माप आहे, असे आम्ही मानितो. तो कर आहे, असे आम्ही मानीत नाही.

३. दानाचा कर झाला तेव्हा

कर आणि दान यांत काय फरक पडतो, हे युरोपच्या इतिहासाने चांगले दाखविले आहे. सन ७७९ मध्ये फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने आपल्या राज्यात दशमांश देणे राजाज्ञेने सक्तीचे केले. पुढे हजार वर्षे युरोपातील शेतकऱ्याच्या खळ्यावर दशमांश गोळा करणारा उभा राहिला. पुष्कळ ठिकाणी तो हक्क विकला गेला, आणि गावच्या धर्मगुरूऐवजी दूरच्या जमीनदाराच्या कोठारात धान्य जाऊ लागले. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, तेव्हा सन १७८९ च्या ऑगस्टात जे जुने हक्क रद्द झाले, त्यांत हा दशमांश होता. आयर्लंडात रोमन कॅथॉलिक शेतकऱ्यांस आपल्या पंथाच्या नव्हे, तर प्रॉटेस्टंट राजमान्य चर्चच्या धर्मगुरूंस दशमांश द्यावा लागे. सन १८३० नंतरच्या काही वर्षांत तेथे त्यावरून रक्तपात झाला. इंग्लंडात सन १८३६ च्या कायद्याने धान्याच्या जागी रोख आकार आला, आणि सन १९३६ च्या कायद्याने ती पद्धत मोडीत निघाली. जर्मनीत चर्चच्या सभासदांकडून आजही सरकारमार्फत चर्चकर घेतला जातो. परंतु तो उत्पन्नाचा दहावा भाग नसून, भराव्या लागणाऱ्या आयकराच्या शेकडा आठ किंवा नऊ इतका असतो.

सक्तीने धान्य गोळा होते, पण प्रेम गोळा होत नाही. ज्या लोकांनी हजार वर्षे दशमांश भरला, त्यांनीच तो संपला तेव्हा आनंद मानिला.

४. आपल्या देशातील उदाहरणे

आपल्याकडे प्रश्न उलट्या बाजूने आला. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी सन १८१३ मध्ये मुंबईस आले. शाळा, दवाखाने, पाळकांचे पगार हे सर्व पुष्कळ वर्षे परदेशांतील भाविकांच्या पैशावर चालले. तेथील लोकांनी आपल्या कमाईतून पैसे वाचवून ते पाठविले, हे उपकार आम्ही विसरू नयेत. परंतु त्यामुळे आपल्या मंडळ्यांस एक सवय जडली, की देणारे ते व घेणारे आपण.

ही सवय मोडण्याचा यत्न करणाऱ्यांत डोर्णकलचे बिशप वेदनायकम् सॅम्युएल अझरिया (१८७४–१९४५) यांचे नाव अग्रगण्य आहे. सन १९०३ मध्ये तिरुनेलवेलीच्या भारतीय ख्रिस्ती लोकांनी भारतीय पैसा व भारतीय माणसे यांच्या बळावर स्वतःची मिशनरी सोसायटी काढिली, तिच्या स्थापनेत ते पुढारी होते. सन १९०५ च्या नाताळच्या दिवशी श्रीरामपूर (बंगाल) येथे याच तत्त्वावर राष्ट्रीय मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तिचेही ते चालक होते. ते स्वतः सन १९०९ मध्ये डोर्णकलास गेले व सन १९१२ मध्ये अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले. डोर्णकल हे आता तेलंगणात आहे. परंतु त्या काळी ते निजामाच्या राज्यात होते, आणि आपली हिंगोलीही त्याच राज्यात होती. तेथील मंडळीत बहुसंख्य लोक भूमिहीन व अस्पृश्य गणलेल्या जातींतील होते. अशा लोकांस देण्याची शिकवण देणे म्हणजे क्रूरपणा आहे, असे पुष्कळांस वाटे. अझरियांचे मत याच्या अगदी विरुद्ध होते : जो केवळ घेतो तो नेहमी याचकच राहतो, जो काही तरी देतो तो मंडळीचा मालक नव्हे, पण भागीदार होतो. त्यांनी ख्रिस्ती दानधर्मावर स्वतंत्र पुस्तकही लिहिले.

मिझोराममधील प्रेस्बिटेरियन मंडळीची रीत याहूनही साधी आहे. तेथील गृहिणी प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी शिजवावयाच्या तांदळांतून एक मूठ बाजूस काढिते. ते तांदूळ मंडळी गोळा करिते व विकून देवकार्यास लाविते. या रीतीस ते लोक बुहफाई थाम म्हणतात, आणि ती विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आली आहे. मूठ लहान असते. परंतु ती रोजची असते, आणि ती सर्वांची असते.

महाराष्ट्रात रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी आयुष्याच्या अखेरीस, सन १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून सातारा येथे "देवाचा दरबार" स्थापिला. मराठी ख्रिस्ती समाजाने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, ही त्यांची तळमळ होती. त्यांच्या घरची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, आणि संसाराची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंस करावी लागे. "स्मृतिचित्रे" वाचणाऱ्यांस हे ठाऊक आहे. देणारा एक आणि पोटास चिमटा घेणारा दुसरा, असे घरात होऊ नये, म्हणून दानाचा निश्चय नवराबायकोंनी मिळून करावा.

शेजाऱ्यांकडूनही शिकण्याजोगे पुष्कळ आहे. नांदेड आपल्या जिल्ह्याला लागूनच आहे. तेथे गुरू गोविंदसिंग यांनी सन १७०८ मध्ये देह ठेविला, आणि तेथील लंगरात कोणालाही जेवण मिळते. शीख बांधवांत उत्पन्नाचा दहावा भाग देण्याची शिकवण आहे. तीस ते दसवंध म्हणतात. मुसलमान बांधवांच्या धर्मशास्त्रात वर्षभर शिल्लक राहिलेल्या ठराविक संपत्तीवर चाळिसावा भाग जकात म्हणून सांगितला आहे. पिकाविषयी त्यांचा नियम फारच विचारपूर्वक आहे : पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग, आणि श्रमाने किंवा खर्चाने पाणी देऊन काढिलेल्या पिकाचा विसावा भाग. पीक काढण्यास शेतकऱ्यास काय पडले, हे त्या नियमाने पाहिले आहे. हाच मुद्दा आता आपल्या हिशेबाकडे नेतो.

५. कशातून द्यावा : खळ्यावरचा हिशेब

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाचही तालुक्यांत सोयाबीन, कापूस, तूर, ज्वारी व हळद ही पिके होतात. बहुतेक शेती पावसाच्या भरवशावर आहे. समजा, एका शेतकऱ्याची चार एकर जमीन आहे. एकरी सहा क्विंटलप्रमाणे त्यास २४ क्विंटल सोयाबीन झाले, आणि क्विंटलास ४,५०० रुपये भाव मिळाला, तर हाती १,०८,००० रुपये आले. बियाणे, खत, फवारणी, मजुरी, काढणी व भाडे मिळून एकरी १५,००० म्हणजे ६०,००० रुपये खर्च झाला. निव्वळ उत्पन्न ४८,००० रुपये.

आता दशमांश एकूण विक्रीवर धरिला, तर तो १०,८०० रुपये होतो. वरवर हा दहावा भाग दिसतो. परंतु निव्वळ उत्पन्नाच्या मानाने तो शेकडा साडेबावीस पडतो. निव्वळ उत्पन्नावर धरिला, तर तो ४,८०० रुपये होतो. दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला आणि एकरी तीनच क्विंटल झाले, तर १२ क्विंटलांचे ५४,००० रुपये येतील. खर्च मात्र तोच ६०,०००. म्हणजे ६,००० रुपयांची तूट. या वर्षीही एकूण विक्रीचा दशमांश मागितला, तर तो शेतकरी ५,४०० रुपये सावकाराकडून काढून देवाच्या पेटीत टाकील. देवाने असे मागितले आहे, असे आम्हांस वाटत नाही.

कोणी म्हणेल, इस्राएल लोक तर खळ्यातील सर्व धान्याचा दशमांश देत. होय, परंतु त्यांचे बी घरचे होते, खत गोठ्याचे होते, आणि सातव्या वर्षी कर्ज फिटत असे. आजचा शेतकरी बी, खत व औषध विकत घेतो, तेही बहुधा उधारीवर. म्हणून आमचे मत असे की, शेतकऱ्याने पेऱ्यापासून काढणीपर्यंतचा खर्च वजा करून जे उरेल त्यावर हिशेब करावा. मात्र लग्नातील थाटमाट, नवी मोटारसायकल किंवा मोठा मोबाईल फोन यांचा खर्च "शेतीचा खर्च" म्हणून वजा करू नये! तो उत्पन्नाचा उपभोग आहे; उत्पन्न काढण्याची किंमत नव्हे.

पगारदाराचा हिशेब सोपा आहे. जो पगार प्रत्यक्ष हाती येतो तो आधार धरावा. भविष्यनिर्वाहनिधीत कापली जाणारी रक्कम आपलीच आहे. ती ज्या दिवशी हाती येईल त्या दिवशी तिचाही विचार करावा.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न निराळा आहे, आणि तो नाजूक आहे. मुकादमाकडून हंगामापूर्वी जी उचल मिळते, ती मिळकत नव्हे. ते डोक्यावरचे कर्ज आहे, आणि नवराबायकोच्या एका कोयत्याने ते सबंध हंगाम फेडावयाचे असते. उचलीतून दशमांश मागू नये, आणि कोणी भक्तिभावाने आणून दिला, तरी पाळकाने त्या घरची स्थिती आधी विचारावी. अशा घराने मूठभर धान्य दिले, मंडळीचे अंगण झाडले, आजाऱ्याजवळ रात्रभर बसले, तर तेही देणेच होय.

६. किती द्यावा : एकच माप सर्वांस पुरत नाही

महिना ९,००० रुपये मिळविणाऱ्या मजुराने ९०० दिले, तर पाच माणसांच्या घरास ८,१०० उरतात. महिना १,००,००० मिळविणाऱ्याने १०,००० दिले, तर ९०,००० उरतात. अंश दोघांचा सारखा आहे. भार सारखा नाही. पहिल्याच्या ताटातील भाकरी कमी होते. दुसऱ्याच्या ताटातील लोणचेही कमी होत नाही. म्हणून दहावा भाग हा गरिबाच्या मागे लागण्याचा दंडा करू नये, आणि सुस्थितीतील मनुष्याने तो आपल्या समाधानाची सीमा करू नये. ज्याचे पोट भरून उरते, त्याने दशमांशापासून आरंभ करावा आणि उत्पन्न वाढेल तसा अंशही वाढवावा. ज्याचे भागत नाही, त्याने विसावा, पन्नासावा, शंभरावा, जो मनाने ठरेल तो अंश द्यावा. परंतु ठरवून द्यावा व नेमाने द्यावा. दानार्पणाच्या वेळी खिसा चाचपून जे नाणे हाती लागेल ते टाकणे, ही रीत गरिबासही शोभत नाही आणि श्रीमंतासही नाही.

याच ठिकाणी आम्ही पालकांस एक सावधगिरीची सूचना करितो. "इतके द्या, म्हणजे देव शंभरपट परत करील, कर्ज फिटेल, आजार जाईल, मुलास नोकरी लागेल" असे सांगून पैसे मागणारे उपदेशक अलीकडे गावोगाव व मोबाईलच्या पडद्यावरही भेटतात. याकोबाच्या नवसाची आठवण आम्ही वर ठेविली होती ती याचसाठी. तो पळपुटा व भ्यालेला तरुण होता. त्याच्या मुखी तो करार शोभला. परंतु ज्यांनी वधस्तंभावरील दान पाहिले आहे, त्यांनी देवाशी सौदा करू नये. मिळावे म्हणून देणे हा व्यापार होय. मिळाले म्हणून देणे ही उपकारस्तुती होय. ज्याच्या शेतात पाऊस पडला नाही त्याने दशमांश चुकविला होता, असे कोणी सुचविल्यास ते ऐकू नका. देव नीतिमानांवर व अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडितो, हे प्रभूनेच सांगितले आहे.

आणि ज्या मंडळ्या दान घेतात, त्यांचेही कर्तव्य आहे. दशमांशाचा हेतू उपासनेची सेवा आणि अनाथ, विधवा व परदेशी यांचे पोषण हा होता. तेव्हा पंचांनी व खजिनदाराने वर्षातून एकदा तरी जमाखर्च सर्वांसमोर वाचावा. किती पाळकांस गेले, किती दुरुस्तीस, आणि किती गरिबाच्या घरी पोहोचले, हे सांगावे. कापणीच्या सणास आलेल्या कोंबडीचा, भोपळ्याचा, पायलीभर तुरीचा लिलाव आपण मोठ्या हौसेने करितो. त्या पैशाचा हिशेबही तितक्याच मोठ्या आवाजात वाचला गेला, तर देणाऱ्याचा हात आखडणार नाही.

७. विद्यार्थ्यांस दोन शब्द

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस अद्याप उत्पन्न नाही. म्हणून दशमांशाचे बंधन तुमच्यावर नाही. रविवारी सकाळी वडिलांकडून नाणे मागून ते पेटीत टाकिले, तर ते दान वडिलांचे झाले. तुम्ही केवळ हमाल झालात. परंतु तुमच्याजवळही तुमचे असे काही आहे. सुट्टीत कापूस वेचून मिळालेली मजुरी, बक्षिसाचे रुपये, खाऊचे पैसे, आणि सर्वांत मोठे धन म्हणजे वेळ. आठवड्यातील एक तास खालच्या वर्गातील कच्च्या मुलास गणित शिकवा. जुने पाठ्यपुस्तक रद्दीत न घालता पुढच्या मुलास द्या. आज दहा रुपयांतून एक रुपया बाजूस काढण्याची सवय ज्यास लागली, त्यास उद्या दहा हजारांतून एक हजार काढणे जड जाणार नाही. सवय लहानपणीच लागते, हे तुम्हांस शिक्षकांनी अनेकदा सांगितले आहे. यावेळी ते द्रव्याविषयी सांगतो, इतकेच.

सारांश. दशमांश हे पवित्र व जुने माप आहे. तो कर नव्हे, आणि देवाशी केलेला सौदाही नव्हे. निव्वळ उत्पन्नावर हिशेब करावा. कर्ज काढून, आईबापांस उपाशी ठेवून किंवा मुलांचे शिक्षण मोडून देऊ नये. ज्यास जमेल त्याने दहाव्यावर थांबू नये; ज्यास जमत नाही त्याने लाजू नये. घरात दोघांनी मिळून ठरवावे, नेमाने द्यावे, आणि मंडळीने हिशेब द्यावा. इतके झाले, तर कापणीच्या सणाहून घरी परतताना मनात भीती राहणार नाही. दिल्याचे समाधान राहील.

स्वाध्याय

(१) अब्राम, याकोब, जक्कय व गरीब विधवा यांनी दिलेल्या दानांत कोणता फरक आहे तो लिहा.

(२) एका शेतकऱ्यास हळदीचे २,००,००० रुपये आले व खर्च १,४०,००० झाला. एकूण विक्रीवर व निव्वळ उत्पन्नावर दशमांश काढा. पहिली रक्कम निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा किती होते?

(३) "कुर्बान" म्हणून प्रभूने जी रूढी निषेधिली, तिचे आजच्या काळातील एक उदाहरण स्वतः शोधून लिहा.

(४) आईवडिलांसमवेत बसून आपल्या घरच्या एका महिन्याच्या जमाखर्चाचे कोष्टक तयार करा. ते शाळेत आणू नये. घरीच ठेवावे, आणि त्यातून काय देता येईल हे सर्वांनी मिळून ठरवावे.